मेकॅनिक निघालाय

...अहो, दाबू नका हो ते बटण! काय माणसं आहेत! लिफ्ट थांबली रे थांबली की प्रत्येकाला वाटतं आपल्याच बोटात जादू आहे, तळमजला दाबून बघतात, पाचवा दाबून बघतात, दार उघडायचं दाबतात, दार मिटायचं दाबतात, अहो दार मिटलेलंच आहे, तेच तर दुखणं आहे! व्हा बाजूला. हा असा मी बटणांना पाठ लावून उभा राहतो, म्हणजे कुणाचा हात जायलाच नको. मोबाइल काढू नका, इथे रेंज नसते. आजोबा, तुम्ही काठी टेकून कोपऱ्यात आरामात उभे राहा. ताई, तो केकचा डबा सरळ धरा, क्रीम भिंतीला लागतंय. झालं? आता शांत राहा, बटणं दाबू नका, मेकॅनिक निघालाय.

काय म्हणालात ताई? मला कसं माहीत? तुम्हाला सांगतो, हे वाक्य म्हणायचा मला पगार होता! हसू नका. लिफ्टमध्ये कोणी अडकलं, त्याने हे पिवळं घंटेचं बटण दाबून धरलं की त्याचं बोलणं थेट माझ्या कानात. बटण सोडलं की माझं बोलणं त्याच्या कानात. मी काय म्हणायचं? शांत राहा, बटणं दाबू नका, मेकॅनिक निघालाय. आता खरं सांगायचं तर 'निघालाय' म्हणजे त्याला फोन लागलाय. तो "हो, निघालोच" म्हणतो आणि चहा सांगतो. खोटं नाही हो ते, मनाने तो निघालेलाच असतो.

आणि तोवर अडकलेल्या माणसाला बोलतं ठेवायचं, त्याच्याच कामाबद्दल विचारायचं, हा आमच्या खात्याचा नियम. आपल्या कामाबद्दल बोलायला लागलं की माणसाला भीती वाटायची राहून जाते. एकदा एक दाताचे डॉक्टर अडकले होते, सुरुवातीला लहान मुलासारखे रडकुंडीला आलेले, मी म्हटलं, डॉक्टर, ती दाढेची नस काढतात ती नेमकी कशी हो? असे रंगले, असे रंगले, की दार उघडलं तर मेकॅनिकला म्हणतात, "एक मिनिट थांबा, मुळापर्यंत पोचू द्या!"

तर अशी माझी नोकरी. छान चालली होती. आणि मग त्या कंपनीने मला मालक केलं... हो ना आजोबा, तिथेच सगळं बिघडलं!

आमची कंपनी लिफ्टला लावायचं एक यंत्र करते. लिफ्ट बिघडायच्या आधीच ते सांगतं, ही बिघडणार आहे म्हणून. तो वर हिरवा दिवा दिसतोय? तेच. 'सर्व सुरळीत.' बघा, अजून हिरवाच आहे! आपण दोन मजल्यांच्या मध्ये लोंबकळतोय आणि तो म्हणतोय सर्व सुरळीत! आमचा मालकही तसाच. त्याला आम्ही कप्तान म्हणायचो, कारण दर सोमवारी तो म्हणायचा, "आपण सगळे एकाच जहाजात आहोत!" तुम्हाला सांगतो, ज्या जहाजात पगारवाढ मागितली की कप्तान समुद्राकडे बघायला लागतो ना, त्या जहाजात चढू नये.

मी पगारवाढ मागितली होती. का, तर आमच्या घरी ओट्याच्या वर जे कपाट आहे ना, त्याच्या दाराची बिजागरी गेलेली. बायको एका हाताने दार धरते, दुसऱ्या हाताने डबा काढते, आणि विसरली की ते दार येतं थेट कपाळावर. बाकीची तीन दारंही त्याच वाटेवर. तिचं म्हणणं एवढंच, "अहो, जमलं तर स्वयंपाकघर एकदा नीट करून घेऊ." 'जमलं तर' म्हणते हो ती. ओरडली असती तर परवडलं असतं.

तर एचआरच्या मॅडमनी मला बोलावलं. पगारवाढ नाही, म्हणाल्या, त्याहून मोठी गोष्ट आहे, स्टॉक ऑप्शन! आणि फळ्यावर केक काढला. ताई, तुमच्या हातात आहे ना, तस्साच. नाही नाही, उघडू नका, फक्त समजा. "ही कंपनी. आणि हा एवढा तुकडा तुमचा!" मी म्हटलं, द्या. "तसा नाही. आत्ता नाही. चार वर्षं थांबायचं. पहिलं वर्ष पुरं झालं की पाव तुकडा पिकेल, मग दर महिन्याला थोडा थोडा." आणि पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आत गेलो तर? "तर काहीच नाही." बरं म्हटलं, चार वर्षांनी तरी तुकडा हातात येईल ना? "तुकडा नाही हो! तुकडा विकत घ्यायचा हक्क!"

विकत? माझा तुकडा मीच विकत? "पण आजच्या भावाने! चार वर्षांनी केक केवढा झालेला असेल, भाव दसपट, आणि तुम्ही मात्र भरायचा आजचा भाव!" हे मला पटलं, खोटं कशाला बोलू. आजच्या भावाने उद्याची वस्तू कुणाला नको असते? फक्त एकच विचारलं, की मॅडम, विकत घेतला, पण खायचा कधी? कारण हा तुकडा दुकानात नेऊन कुणी घेणार नव्हतं. तर म्हणाल्या, "कंपनी शेअर बाजारात आली की, किंवा मोठ्या कंपनीने आपल्याला विकत घेतलं की." ते कधी? तर दारातून कप्तान हसून म्हणाला, "निघालोय आपण त्या दिशेने."

निघालोय! तुम्हाला सांगतो, ज्या शब्दावर मी पोट भरलं तो शब्द मला दुसऱ्याच्या तोंडून ओळखू येऊ नये? आला नाही! मी सही केली.

घरी आलो, बायकोला सगळं सांगितलं, केक काढून दाखवला. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे मिळाले की नाही मिळाले?" मी म्हटलं, मिळाले ना, कागदावर मिळाले. "मग कपाटाला दार पण कागदाचं लावू का?" ...नाही, हसा तुम्ही. मीही हसलो होतो.

आणि ऑफिसात बघाल तर काय मजा! सगळ्यांनाच दिले होते हो, एकजात सगळ्यांना. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात नोकर म्हणून कोणी उरलाच नाही, सगळे मालक! रिसेप्शनवरची मुलगी येणाऱ्याला पाणी विचारायच्या आधी विचारायची, "खरंच तहान लागलीये का?" एकाने छापायच्या मशीनला कुलूप लावलं, किल्ली दुसऱ्या मालकाने लपवली, महत्त्वाचा करार छापायचा होता तो तिसऱ्या मालकाने हाताने लिहून काढला! मी स्वतः दिवे बंद करत हिंडायचो, एकदा मीटिंग चालू असताना केले बंद, आतून कप्तान ओरडला, "कोण आहे तिकडे?" मी म्हटलं, मालक! आणि तिकडे कप्तान नवीन खुर्च्या आणतोय, भिंतीला गवत लावतोय, खरं नाही हो, प्लास्टिकचं... आम्ही सगळे वाचवलेल्या कागदांकडे बघायचो आणि त्या गवताकडे बघायचो.

तरी चार वर्षं काढली. मध्ये मला दुसरीकडून बोलावणं आलं होतं, जास्त पगाराचं, घराजवळ. नाही गेलो. तुकडा अर्धवट पिकलेला, कसा सोडू? बायको म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." आणि दार धरून डबा काढला.

चौथं वर्ष पुरं झालं त्या महिन्यात कप्तानने सगळ्यांना गोळा केलं. टाळ्या! आपलं यंत्र आता इतकं तरबेज झालंय, म्हणाला, की लिफ्ट अडकणंच जवळजवळ बंद! मालक म्हणून मी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग म्हणाला, त्यामुळे अडकलेल्यांशी बोलायचं खातं आपण बंद करतोय. आता माझे हात टाळीच्या मधेच थांबले ना! ते खातं म्हणजे मी! बघा आजोबा, कंपनी भरभराटीला आली म्हणून मालक खूश आणि कंपनी भरभराटीला आली म्हणून नोकर रस्त्यावर, आणि दोघांचा डबा एकच! आता घंटा वाजली की आवाज त्या त्या इमारतीच्या वॉचमनच्या टेबलावर. लिफ्ट थांबली की त्याच्याकडे लाल दिवाही लागतो, तो मेकॅनिकला फोन करतो. म्हणून तर सांगतोय, शांत राहा, बटणं दाबू नका, मेकॅनिक निघालाय.

आणि जाता जाता मॅडम हळूच म्हणाल्या, "तुमचे पिकलेले ऑप्शन तीन महिन्यांत विकत घ्या हं, नाहीतर गेले." गेले? चार वर्षं थांबून पिकवले ते? "नियम आहे. तुम्ही सही केली होती, कागद वाचला नव्हता का?" वाचला होता हो! वाचला होता, समजला होता असं कुठे म्हणालो?

आता खरी गंमत ऐका. माझ्या शेवटच्या दिवशी, अगदी शेवटचा फोन, घंटा वाजली, कोण अडकलं असेल? वकीलबाई! मी नियमाप्रमाणे विचारलं, बाई, तुमचं काम काय हो? म्हणाल्या, "कंपन्यांचे कागद करते. शेअर, स्टॉक ऑप्शन वगैरे." तुम्हाला सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. ज्यांच्याकडे बसायचे मिनिटाला पैसे पडतात त्या बाई माझ्या लिफ्टमध्ये, फुकट, आणि दार बंद! मी म्हटलं, शांत राहा, बटणं दाबू नका, मेकॅनिक निघालाय, आणि आता मला हे सगळं पहिल्यापासून सांगा.

काय समजावलं हो त्या बाईंनी! केक नाही, जहाज नाही. म्हणाल्या, "एक. मुदतीत पैसे भरून विकत घेतले नाहीत तर हक्क संपला. दोन. विकत घेतलेत की आजचा भाव आणि तुमचा भाव यातला जो फरक, तो तुमची कमाई धरतात, त्यावर कर." मी म्हटलं, पण हातात काही आलेलंच नाही! "कागदावर आलंय ना." म्हणजे नफा कागदावर आणि कर मात्र रोख? "हो. आणि आता तीन, सगळ्यात महत्त्वाचं. हे विचारल्याशिवाय एक पैसा भरू नका. उद्या कंपनी विकली गेली, तर सगळ्यात आधी..."

खाड्! दार उघडलं! मेकॅनिक हजर! अख्ख्या नोकरीत पहिल्यांदा हा माणूस चहा न घेता आला! मी इकडून ओरडतोय, बाई, सगळ्यात आधी काय? सगळ्यात आधी काय? तर पलीकडून तोच, "काम झालं साहेब, लिफ्ट चालू." म्हटलं, बंद कर परत! तर म्हणाला, "काय?"

मग मीच विचार केला, सगळ्यात आधी काय असेल? चांगला कंपनी विकल्याचा प्रसंग, आनंदाचा, त्यात वाईट काय असणार? मी ठरवून टाकलं, की सगळ्यात आधी जुन्या माणसांचे पैसे देत असतील! बोलाचीच कढी नि बोलाचाच भात, आणि जेवायला बसलो मी एकटा.

पैसे कुठले? तिने साठवले होते हो. ती एका दवाखान्यात टेबलावर बसते, पेशंटची नावं लिहून घेते, त्यातून थोडे थोडे बाजूला टाकलेले, स्वयंपाकघरासाठी. मी एवढंच म्हटलं, की हे भरले तर दसपट होतील, नाही भरले तर चार वर्षं फुकट. तिने कपाटातून डबा काढला, दार धरून, आणि सगळे पैसे माझ्यापुढे ठेवले. "चार वर्षं तुम्ही थांबलात, फुकट कशी जाऊ द्यायची?" एवढंच म्हणाली. लाज वाटली मला, तुम्हाला सांगतो, पण घेतले. शेअरचे भरले, कर भरला, डबा रिकामा झाला तो तिने परत जागेवर ठेवला.

आणि गेल्या महिन्यात कंपनी विकली गेली की! खरोखर! मोठ्या कंपनीने घेतली, आकडा असा, की शून्यं मोजताना मी दोनदा चुकलो. घरात आनंदीआनंद! हिने सुताराला बोलावलं, मापं झाली, रंग ठरला, फिकट पिवळा. मी म्हटलं, आतून पण पिवळा लाव, होऊ दे खर्च! बाजारात तुरी, आणि आमचं भांडण काय, तर मुठी पितळेच्या की स्टीलच्या!

आज पैसे घ्यायचे होते. इथेच, या इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. आत्ता तिथूनच येतोय. तिथल्या हिशेबनिसाने चष्मा पुसला, फाइल उघडली आणि तुम्हाला सांगतो, पहिलं वाक्य काय बोलला असेल? "कंपनी विकली गेली की सगळ्यात आधी..." मी खुर्चीच घट्ट धरली! लिफ्टमध्ये तुटलेलं वाक्य, आज पुरं झालं! "सगळ्यात आधी कर्जं फिटतात. मग ज्यांनी मोठे पैसे गुंतवले ते आपले पैसे काढून घेतात. आपल्याकडे करारच होता, दुप्पट काढून घ्यायचा. मग उरलं तर तुम्ही सगळे." उरलं का? तो म्हणाला, "थोडं." ताई, तुमच्या केकचं समजा. पीठवाल्याने नेला, साखरवाल्याने दुप्पट नेला, आणि डब्याच्या कागदाला जे क्रीम चिकटलेलं असतं ना... ते आम्हा मालकांना. सगळ्या मालकांना मिळून!

माझ्या पाकिटात किती आहे सांगू? मी भरले त्याचा तिसरा हिस्सा. कर धरलाच नाहीये यात.

काय म्हणता आजोबा? जाऊ दे, पैसा काय, येतो-जातो? बरोबर आहे तुमचं. पण खाली ती उभी आहे हो. उभी म्हणजे, वॉचमनच्या टेबलाशेजारी खुर्ची आहे तिथे बसलीये, आणि शेजारी सुतार बसलाय, मापाची फीत घेऊन, आगाऊ पैसे घ्यायला. सांगू कसं तिला? वरून निघालो तेव्हा एकेक मजला उतरत होता, आणि म्हटलं देवा, ही कुठेतरी अडकू दे... आणि अडकली! खोटं कशाला बोलू, दिवसभरातली एवढीच एक गोष्ट माझ्या मनासारखी झाली. म्हणून तर मघापासून कुणाला घंटा दाबू देत नाहीये. वॉचमनने फोन केलाच असेल, पण तोवर दोन मिनिटं... मला काय म्हणायचंय, मला तिचं तोंड पडलेलं बघवणार नाही हो. ओरडली तर चालेल. पण ती ओरडणार नाही, म्हणेल "असू दे", आणि उद्या सकाळी परत एका हाताने दार धरेल.

अहो ताई, ताई, त्या डब्याची दोरी सुटली! केक चाललाय! थांबा, मी येतो, मी धरतो खालून... हं. वाचला.

"...ऐकू येतंय का? हॅलो! सोडलंत का एकदाचं बटण?"

अं? कोण बोललं? हा... हा आवाज तर... थांबा, घंटा दाबून विचारतो... अगं, तू? तू कुठून बोलतेस?

"वॉचमनच्या टेबलावरून! तुमची पाठ पहिल्यापासून त्या घंटेवर होती! दाताच्या डॉक्टरांपासून सगळं ऐकतेय. मी ऐकलं, वॉचमनने ऐकलं, सुताराने ऐकलं, आता तर पोस्टमनही थांबलाय!"

सगळं? ते... तिसरा हिस्सा पण?

"तो पण. आणि कर धरला नाही ते पण. आता माझं ऐका. सुतार म्हणतो, तेवढ्यात एक दार होईल, वरचं. ते या वर्षी लावू. मग दर वर्षी एक. चार वर्षांत चारही दारं."

अगं, चालेल! तुला... तुला राग नाही ना आला?

"माझं झालं नाही अजून. ही चार वर्षं रोजची भांडी तुम्ही घासायची. पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आत एक दिवस जरी चुकलात, तर आधीची सगळी धरली जाणार नाहीत."

बघा! बघा, ताई, या बाईला कोणी केक काढून दाखवायला लागला नाही! बरं, अगं, कबूल. पण चार वर्षांनी मला काय मिळणार?

"चार वर्षांनी? नव्या स्वयंपाकघरात बसून चहा मागायचा हक्क."

चहा?

"चहा नाही हं. मागायचा हक्क."

थांब, या वेळी मी सहीच्या आधी विचारणार! चहा झाला, तर सगळ्यात आधी कोणाला?

"सगळ्यात आधी मला. मग सुताराला. मग माझी आई आलेली असेल तर तिला, दोन कप. उरला तर तुम्ही."

ऐकलंत आजोबा? ...आणि अगं, तो मेकॅनिक? तो तरी कुठे आहे?

"हा काय, माझ्यासमोर बसून चहा घेतोय. तुम्ही शांत राहा, बटणं दाबू नका, तो निघालाय."